पाच पायांचा घोडा

…त्या मंगळवारी सकाळी मी भात लावला, तुमच्या भावाच्या तसबिरीपुढे चहा ठेवून छोटी घंटा वाजवली, लोणच्याची पालेभाजी अंगणातल्या नळाखाली धुतली (पाणी इतकं गार, की दहाही बोटं जागेवर आहेत ना ते मोजून घ्यावं लागलं), जाळायच्या कचऱ्याची पिशवी कोपऱ्यावर ठेवली आणि परत येते तो आमच्या खिडकीखाली शेजारची ओगिनोबाई मान वर करून उभी. खिडकीच्या काचेवर आतून एकोणीस पांढरे चौकोन चिकटलेले होते. तिने ते मोजले, माझ्या कमरेकडे पाहिलं आणि म्हणाली, "मित्सुएताई, पाठ एवढी धरली आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत? इतक्या पट्ट्या एकटीने कशा लावणार होतात?"

वन्सं, पत्र असं मधूनच सुरू करू नये हे मला कळतं. वाचनालयातून आणलेल्या पत्रलेखनाच्या पुस्तकात आधी ऋतू, मग प्रकृती आणि मग काम असा क्रम दिला आहे. तेव्हा आता क्रमाने घेते. थंडी आहे. निइगाताला तुमच्या दारात बर्फ आलं असेल. ते उपसायला स्वतः जाऊ नका, जावयाला सांगा, त्याला तेवढंच काम आहे. गुडघे कसे आहेत? डोळ्यांत थेंब घालता ना? माझी प्रकृती ठीक आहे आणि पाठही उत्तम आहे. ते चौकोन दुखण्याच्या पट्ट्या नव्हत्या. तो कागद होता, मी केलेला. आता कामाचं लिहिते, आणि ते जरा लांबेल, कारण या महिन्यात माझ्या हातून जे झालं ते तुमच्या कानावर ओगिनोबाईकडून जाण्याआधी माझ्याकडून गेलेलं बरं.

सुरुवात आमच्या तात्सुयाने केली. गेल्या वर्षी आपल्या घरी दुःख असल्यामुळे नववर्षाची पत्रं गेली नाहीत, 'यंदा शुभेच्छा नाहीत' अशी सूचना तेवढी गेली, ते तुम्हाला माहीतच आहे. यंदा वर्षश्राद्ध झालं, तेव्हा पत्रं पाठवायला हरकत नाही असं मी धरून चालले होते. नोव्हेंबरात तात्सुया आला तो खिशात एक छापील नमुना घेऊन. त्यावर कोपऱ्यात प्लमची फुलं आणि मधे मजकूर: 'वयोमानामुळे यापुढे नववर्षाची पत्रं पाठवणं थांबवत आहोत.' हल्ली पुष्कळ लोक असं करतात म्हणे. "आई, तू नुसतं हो म्हण. पत्ते मी संगणकावर घालतो. तुझ्या मनगटाला त्रास नको." मुलगा वाईट नाही. फक्त त्याला वाटतं की त्रास कमी केला की माणूस सुखी होतो.

मी नाही म्हटलं. का, ते मला लगेच सांगता आलं नाही. तो गेल्यावर मी बिस्किटांचा डबा काढला, ज्यात तुमच्या भावाने पत्ते ठेवले आहेत. बेचाळीस घरं. त्यातल्या निम्म्या माणसांना मी कधी पाहिलेलं नाही. बसडेपोतला त्यांचा पहिला वाहक, शिकोकूतला एक मासेविक्या, शाळेतली कुणी बाई जी दरवर्षी एवढंच लिहिते की मांजर अजून आहे. (मांजर आता तेवीस वर्षांची असावी. मला शंका आहे, पण विचारायची सोय नाही.) एक वर्ष पत्र गेलं नाही तर लोक समजून घेतात. दोन वर्षं गेलं नाही तर नावावर रेघ मारतात, आणि मग त्या मांजराचं काय झालं हे मला कधीच कळणार नाही. मी तात्सुयाला फोन करून सांगितलं, पत्रं जातील, हातची जातील, आणि पंचवीस तारखेच्या आत पेटीत पडतील, म्हणजे पहिल्या तारखेला सकाळी दारात मिळतील. तो म्हणाला, "ठसा कोण कोरणार?" मी म्हटलं, "मी."

तुम्हाला आठवत असेल, चाळीस वर्षं बारांतला त्या त्या वर्षाचा प्राणी रताळ्यावर कोरायचं काम तुमच्या भावाचं. माझं काम ओळखण्याचं. पहिला ठसा उठला की ते कागद माझ्यापुढे धरत, "ओळख." मी मुद्दाम चुकीचं सांगायची. वाघाच्या वर्षी मी मुळा म्हटलं होतं, तर त्यांनी तासभर चहा घेतला नाही. उरलेलं रताळं उकडून मी खायची. एवढ्या अनुभवावर मी कामाला लागले.

कागद आधी केला. चांगल्या कागदावर शिकणं मला परवडलं असतं तरी शोभलं नसतं, म्हणून पुस्तकात दिल्याप्रमाणे दुधाच्या खोक्यांचा लगदा करायचं ठरवलं. खोकी दोन दिवस भिजवायची, दोन्ही बाजूंचा मेणचट पापुद्रा सोलायचा, मिक्सरमधून काढायची, जाळीच्या चौकटीत पसरून पाणी निथळलं की काचेवर थापायची. सोपं आहे. फक्त खोकी रिकामी व्हायला कोणीतरी दूध प्यावं लागतं, आणि मला दूध लहानपणापासून आवडत नाही. तीन आठवड्यांत मी जितकं दूध प्यायले तितकं तात्सुया पोटात असतानाही प्यायले नव्हते. सहा खोकी ओगिनोबाईने दिली (तिला वाटत होतं मी ती नगरपालिकेच्या संकलन केंद्रावर नेते, पट्ट्यांचा खुलासा करताना तेही सांगावं लागलं). मिक्सर मी तीनदा धुतला. तरी पुढच्या आठवड्यात पालकाला लावायला तीळ वाटले, तर पालक खाताना पोस्टकार्ड खाल्ल्यासारखं वाटलं. पण बेचाळीस पत्रं झाली. जाड आहेत, कडा खाल्लेल्या आहेत, एकात निळी अक्षरं राहिलीत, 'उघडल्यावर लवकर संपवा' मधलं 'लवकर'. ते मी तुमच्यासाठी बाजूला ठेवलंय.

मग ठसा. येतं वर्ष घोड्याचं. तुमच्या भावाचा जन्मही घोड्याच्याच वर्षातला; असते तर यंदा ते वर्षाचे मानकरी, आणि घोडा कोरताना छाती जरा पुढे काढून बसले असते. मी पहिला घोडा रताळ्यावर कोरला. कोरायला घरात भाजीची सुरी आहे, ती पुरते. (तुमच्या भावाच्या कोरायच्या सुरीबद्दल मी काही म्हणत नाही.) संध्याकाळी तो घोडाच होता. मी तो तसाच ताटलीत ठेवून झोपले, आणि सकाळी रताळं सुकून आत ओढलं गेलं होतं, मान आखडली होती, पोट गेलं होतं. तसबिरीपुढे धरून मीच विचारलं, "ओळखा," आणि मीच उत्तर दिलं, उपाशी कुत्रा. दुसरा मुळ्यावर कोरला. मुळ्याला पाणी सुटतं, शाई पसरते, तेव्हा घोडा नदीतून चाललाय असं झालं, आणि अर्ध्या वाटेत बुडाला. दोघांना मी मिसोच्या सारात घातलं. सार बरं झालं. रंग जरा काळा आला.

तिसरा घोडा खोडरबरावर. हल्ली कोरायला मोठे खोडरबर मिळतात, पावाच्या लादीएवढे. दुकानदाराने विचारलं, "नातवासाठी का?" मी म्हटलं, "नाही, मी चुका फार करते." भाजीच्या सुरीचं टोक बोथट आणि पातं रुंद, त्यामुळे आतल्या अरुंद जागा निघत नाहीत. (पुन्हा सांगते, मी सुरीबद्दल काही म्हणत नाही.) शेपूट आणि मागचा पाय यांच्यामधला तुकडा काही केल्या निघेना, डाव्या हाताची दोन बोटं कापून झाली, शेवटी तो तसाच सोडला. त्यामुळे घोड्याला पाच पाय आहेत. जवळून पाहिलं तर. लांबून तो वेगात आहे असं वाटतं.

आता चूक. ती मी तुम्हाला सरळ सांगते.

शाईची गादी वाळली होती. टेबलाच्या खणात एक बाटली मिळाली, जवळजवळ भरलेली. गादीत ओतली, पहिला ठसा उठवला, आणि वन्सं, इतका सुंदर घोडा मी पाहिला नव्हता. करडा, हलका, पहाटेच्या धुक्यातून येणारा. मी एका बैठकीत बेचाळीस पत्रं छापली. एक जादाचं होतं, चिरलेलं, तेही छापून पाकिटात घालून तात्सुयाला पाठवलं, की बघ, मनगट शाबूत आहे.

दोन दिवसांनी ओगिनोबाई मुळे द्यायला आली. मी एक पत्र तिच्यापुढे धरलं. तिने मुळे खाली ठेवले, डोक्यावरचा रुमाल काढला आणि वाकली.

"कधी गेले?"

"कोण?"

"ते तुम्हीच सांगा, ताई. मी कशी विचारू."

"अहो, कोणी गेलं नाही. नववर्षाचं पत्र आहे ते. घोडा आहे."

"घोडा दिसतोय मला. पण ही शाई?" तिने आवाज खाली आणला. "ही मयताच्या पाकिटावरची फिकी शाई ना? रडून रडून पातळ झाल्यासारखी. नववर्षाला काळीकुट्ट लागते. बेचाळीस घरांत पहिल्या तारखेला सकाळी लोक भाताच्या वड्या तोंडात धरून रडायला लागतील."

बाटली काढून पाहिली. ती तीच होती, गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरात आणलेली. वर्षभर खण उघडला की हाताला तीच लागत होती, आणि मला शाई म्हणजे तीच वाटायला लागली होती. ओगिनोबाईला मी चहा दिला.

तेवढ्यात फोन वाजला. तात्सुया ऑफिसच्या जिन्यातून बोलत होता. "आई, कोण गेलं? निइगाताची आत्या का?" (वन्सं, रागावू नका. वयाने तुमचाच नंबर आधी येतो.) मी सांगितलं कोणी नाही, शाई चुकली. तो श्वास सोडून म्हणाला, "म्हणूनच म्हणत होतो. तो छापील नमुना अजून माझ्याकडे आहे. उद्या सांगितलंस तरी वेळेत होईल."

मी म्हटलं, "आज वीस तारीख आहे. माझ्याकडे पाच दिवस आहेत."

"नवा कागद करणार पाच दिवसांत?"

"दूध नाही प्यायचं मला आता," असं म्हणून मी फोन ठेवला.

काळी शाई आणली. गादी नवी घेतली. फिक्या घोड्यावर बरोबर तोच ठसा काळ्या शाईने दाबायचा, म्हणजे खालचा झाकला जाईल, एवढा साधा विचार होता. पहिल्याच पत्रावर हात बोटभर पुढे सरकला. काळा घोडा पुढे आणि करडा त्याच्या अंगालगत, अर्धी मान मागे. दुसऱ्यावर जपून दाबला, तो बरोबर बसला, करडा पूर्ण झाकला गेला. दोन्ही पत्रं मी शेजारी ठेवून पाहिली. मग उरलेल्या चाळिसांवर हात बोटभर पुढे सरकवला. दुपारी ओगिनोबाई आली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "दोन आहेत." मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "पाय दहा का आहेत?" मी म्हटलं, "दोन आहेत ना, म्हणून." तिने ते मान्य केलं.

पत्ते मी स्वतः लिहिले. तुम्हाला ठाऊक आहे, नववीनंतर मी कापडाच्या गिरणीत गेले, अवघड अक्षरं वर्तमानपत्रातून आणि वाचनालयातून शिकले, आणि घरचे पत्ते लिहायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. बेचाळीस गावांची नावं लिहून झाली. तीन ठिकाणी कोशात पाहावं लागलं. खाली माझं एकटीचं नाव आहे.

तेव्हा काळजी करू नये. माझं काही अडलेलं नाही. घरात सगळं आहे. जावयांना नमस्कार, आणि तुमच्या पायांना गरम पाण्याची पिशवी.

तुमची,
मित्सुए
उएदा, २३ डिसेंबर

ता. क. तुमचे भाऊ गेल्यावर एकोणपन्नासाव्या दिवशी त्यांच्या आठवणीच्या वस्तू वाटल्या, तेव्हा तात्सुयाने घड्याळ घेतलं आणि तुम्ही ती छोटी कोरायची सुरी घेतलीत, मुठीला निळा दोरा गुंडाळलेली. 'घरी सुतळी कापायला होईल' म्हणालात. मी 'न्या' म्हटलं, मनापासून म्हटलं, आणि दिलेली वस्तू परत मागू नये हे मला कळतं. यंदाचा घोडा भाजीच्या सुरीवर भागला. पण त्याच्या पुढचं वर्ष मेंढीचं आहे, आणि मेंढीला सगळ्या अंगावर बारीक कुरळे केस असतात. ते भाजीच्या सुरीने निघणार नाहीत. सुतळी कापायला मी तुम्हाला उत्तम कात्री पाठवते.

ता. क. तुम्हीही आता पत्रं बंद करणार असं तात्सुया म्हणत होता. मी तुमच्या नावावर रेघ मारलेली नाही. पहिल्या तारखेला तुमचं पत्र आलं नाही, तर ती चूक पोस्टाची समजेन.

ता. क. काल हे पाकीट बंद करायचं राहिलं. आज सकाळी भात लावला, चहा ठेवला, एक पत्र तसबिरीपुढे धरून "ओळखा" म्हटलं, आणि मग बेचाळीसही पत्रं कोपऱ्यावरच्या पेटीत टाकली. येताना दुकानातून एक मोठा खोडरबर आणला.