सासूबाई सोडून सगळे झोपले

५ जानेवारी
धानोऱ्याच्या समाजमंदिरात झोपेचा पहिला वर्ग. 'रोज ठरल्या वेळी झोपा' हे सांगत होते, तेवढ्यात मागची ओळ झोपली. याला यश म्हणायचं की काय, कळेना. चुनीलालभाऊ तेवढे जागे. म्हणाले, "मॅडम, या हप्ताले पंपनी लाइट रातनी शे, पुढला हप्ताले दिननी. मंग ठरेल येळ कोनती?" मी उठून सगळ्यांना चहा दिला. झोपेच्या वर्गात चहा!

८ जानेवारी
लोकांना झोपवते, पण घरात सासूबाई रात्रभर आढ्याकडे बघत पडलेल्या. पार वाळल्यात. परवा गॅस चालू ठेवून शेजारी गेल्या. मला भीती वाटते.

नणंदेने, रुपाने, सुरतेच्या परजातीतल्या मुलाशी लग्न केलं, तेव्हापासूनचं हे. सासऱ्यांनी तिच्या नावाने आंघोळ केली. आम्हा सगळ्यांना करायला लावली. मीही केली. तेव्हापासून घरात तिचं नाव नाही.

माझ्या वर्गाबद्दल सासऱ्यांचं मत — "झोप काय शिकाडानी गोट शे का?"

१३ जानेवारी
आज घरून, फोनवर ऑनलाइन वर्ग. एक बाई नवीन. कॅमेरा बंद, नाव नुसतं 'आर'. सगळ्यांना विचारलं, झोपण्याआधी घरात शेवटचं काम कोणतं? पुण्याचे एक साहेब म्हणाले, ऑफिसचे मेल. 'आर' हळूच म्हणाली, "आमना घर माय सगळासना पायले तेल लावे."

पुढे मी काय शिकवलं, आठवत नाही. लग्न होऊन आले त्या वर्षी मला ताप आला होता, तेव्हा माझ्याही पायांना सासूबाईंनी तेल लावलं होतं. आवाजही तोच. रुपाच!

१४ जानेवारी
सासऱ्यांना कळलं तर वर्ग बंद. कदाचित मीही माहेरी. नवऱ्याला सांगायला गेले. ललित म्हणाला, "माले काहीच सांगू नको." मग उठून चार्जर आणून दिला. फोनची बॅटरी खरंच कमी होती.

१६ जानेवारी
सासूबाईंना म्हटलं, आज माझ्यामागे बसून शेंगा फोडा. कारण सांगितलं नाही. 'आर'ला विचारलं, झोप कशी आहे?

"बरी शे, मॅडम. तुमना घर सगळा झोपतस का?"

सासूबाईंचे हात थांबले. मग परत शेंगा फोडायला लागल्या.

१७ जानेवारी
आज स्वतःच येऊन बसल्या. शेंगा कालच संपल्यात. रिकामं सूप घेऊन बसल्या.

२१ जानेवारी
श्वासाचा सराव चालू होता. मागे सासूबाई भिंतीला टेकून झोपल्या! तोंड उघडं, सूप मांडीवर. चक्क घोरायला लागल्या. पुण्याचे साहेब म्हणाले, "मॅडम, कुणाचा तरी माइक चालू राहिलाय." म्हटलं, राहू द्या.

'आर'चा कॅमेरा चालू झाला. रुपाचं पोट दिसतंय — दिवस भरत आले असावेत. ओढणी तोंडात धरून रडत होती, आईची झोप मोडू नये म्हणून. मलाही रडू आवरेना. 'श्वास आत, श्वास बाहेर' म्हणत राहिले.

वळून बघितलं तर दारात सासरे, नजर फोनवर. आल्या पावली निघून गेले.

२२ जानेवारी
दुपारी सासऱ्यांनी जेवण तसंच परत पाठवलं. मी मनातल्या मनात पिशवी भरली.

संध्याकाळी सासरे खुर्ची घेऊन आले. माझ्यामागे, सासूबाईंच्या शेजारी ठेवली.

"वर्ग किती वाजता शे? माले बी झोप येत नही."