नमुन्याचं कार्ड

४ नोव्हेंबर १९५७
परळच्या इस्पितळात आज रुजू झालो. गिरगावातून निघताना बायकोनं, उर्मिलेनं, औक्षण केलं, जसा काही मी लढाईवरच निघालो होतो! काम साधं आहे. आमच्या कंपनीची नवी रुग्णकार्डं इथल्या डॉक्टरांना आणि नर्सना वापरायला शिकवायची. कार्डाच्या कडेनं भोकं असतात आणि एकेका भोकाला एकेक अर्थ: ताप, खोकला, डावा पाय, वगैरे. पेशंटला जे लागू असेल ते भोक चिमट्यानं कडेपर्यंत कापायचं. मग गठ्ठ्याच्या त्या भोकातून विणायच्या सुईसारखी लांब सुई घालून उचललं की नेमकी तेवढीच कार्डं खाली पडतात. जुने केसपेपर चाळत बसायला नको. मेट्रन दुर्गाबाई तर आजच खूश झाल्या. एका डॉक्टरांनी विचारलं, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राला यात भोक आहे का? मी म्हटलं, तो चिमटा दिल्लीला अडकलाय. वर्ग खो खो हसला.

५ नोव्हेंबर
सरावाला नमुन्याचं एक कार्ड हवं होतं. नाव कुणाचं घालायचं? लक्ष्मी नावाच्या नर्सला विचारलं तर ती मागेच सरली. धडधाकट माणसाचं नाव आजाऱ्याच्या कागदावर घालू नये, तिच्या देवगडच्या घरी चालत नाही म्हणे. बाकीच्याही नाव देईनात. शिकल्यासवरल्या मुली, आणि हे! मला हसू आवरेना. ‘अहो, कागदानं कधी कुणाला ताप आलाय का?’ असं म्हणत मी झोकात माझंच नाव लिहिलं, रघुवीर तळपदे, वय एकतीस. लक्ष्मीनं नाइलाजानं ‘ताप’ कापला. हात मात्र सफाईदार आहे पोरीचा.

७ नोव्हेंबर
काल रात्रीपासून अंगात कणकण. गंमत म्हणून वर्गात सांगितलं, पण कुणी हसलं नाही. आज मुलींनी त्याच कार्डावर ‘खोकला’ आणि ‘डावा पाय’ कापायचा सराव केला.

८ नोव्हेंबर
सकाळपासून खोकतोय. डावा पाय उचलत नाही. जिन्यावर पडलो, तेव्हा दुर्गाबाईंनी इथेच पुरुषांच्या वॉर्डात खाट दिली. नमुन्याचंच कार्ड खाटेला लावलं. नाव तेच, आजार तेच, मग नवं कशाला वाया घालवायचं, असं त्या म्हणाल्या. काटकसर मीच शिकवली होती.
मला भीती वाटते. फार भीती वाटते.

११ नोव्हेंबर
कापलेलं भोक जुळत नाही. डिंकानं कागद चिकटवून पाहिला, फरक नाही. लक्ष्मीला म्हटलं, जाळून टाक ते कार्ड. ती रडली, पण हात लावेना. कार्ड नाही तो पेशंट नाही, हे फळ्यावर मीच लिहिलं होतं. कार्ड नसेल त्या खाटेशी आता डॉक्टर थांबतच नाहीत. किती छान शिकली ही माणसं!
संध्याकाळी एक डॉक्टर आले. खोकून माझा घसा बसलाय म्हणून ‘वाचा’ कापून गेले.

१२ नोव्हेंबर
आवाज नाही. ओठ हलतात, नुसते हलतात.
मोर्च्यामुळे ट्राम बंद. उर्मिला आली नाही — आली तरी तिला सांगणार कसं —
कार्डाच्या कोपऱ्यात शेवटचं भोक आहे. ‘मृत्यू’. अजून शाबूत. कार्ड उशीखाली दडवलं होतं. सापडलं दुर्गाबाईंना. त्यांनी पुन्हा खाटेला लावलं, प्रेमानं रागावून.

१३ नोव्हेंबर
दुर्गाबाईंना ही वही वाचायला दिली. सगळी वाचली. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. तापात मन असं काहीबाही घेतं, म्हणाल्या. कपाळावरून हात फिरवला — बाई फार मायाळू —
वही परत दिली. आणि आता — माझी भीती घालवायला — हा नुसता पुठ्ठा आहे हे मला पटावं म्हणून — माझंच वाक्य मला ऐकवताहेत, कागदानं कधी कुणाला —
चिमटा आणलाय. नवं कोरं कार्ड देईन म्हणतात, आधी हे — कोपऱ्याशी धरलाय — हसताहेत — मी मान हलवतोय, नको, नको — त्यांना वाटतंय मी हो म्ह