हिरव्या खोपट्याचे कलम

डेल्मर क्वामे याने पेन माशाच्या ताटलीत आपटले आणि तो उठून दाराकडे गेला. आधीचा कागद तेलकट झाला. हा दुसरा.

मी, आर्डिस क्वामे, कै. रॉल्फ क्वामे यांची पत्नी, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार लोअर टॅमरॅक, विस्कॉन्सिन, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. सोमवारी शहरातल्या इस्पितळात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डोक्याबद्दल तिथे कोणी काही म्हणाले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. इतरांना करायला सांगत आले.

कलम पहिले. राहते घर माझा भाचा क्रेग याला. तो अॅरिझोनात राहतो. बर्फ आता फक्त पेल्यात पाहायचा, असे त्याने ठरवले आहे.

कलम दुसरे. घराशेजारची मोकळी जागा, जिथे हिवाळ्यात बर्फाचे मैदान करतात, ती गावाला, स्केटिंगसाठी, कायमची. हे मृत्युपत्र पुरे झाले नाही तर कायद्याने ही जागाही क्रेगला जाईल आणि तो ती गाड्या धुण्याच्या धंद्याला विकेल. नाताळात त्याने हे फोनवर सांगितले. आनंदाने सांगितले.

कलम तिसरे. मी अठ्ठावीस वर्षे या गावची निवडून आलेली न्यायाधीश होते. वकील नव्हते, आमच्याकडे लागत नाही. दिवसा शाळेच्या स्वयंपाकघरात काम करत होते. कोर्ट मंगळवारी संध्याकाळी याच अग्निशमन केंद्रात भरे. बंब बाहेर काढायचे, खुर्च्या आत आणायच्या. भोंगा वाजला की आरोपी, साक्षीदार आणि पोलीस एकाच बंबावर चढून जात. मी आणि कारकून व्हर्ना पिलार्स्की, दोघीच उरत असू. आग विझली की सगळे परत येऊन आपापल्या जागी बसत. कोणी पळून गेले नाही. माझा काळा झगा व्हर्नाला. तो मुळात चर्चच्या गायनवृंदाचा आहे. ते परत मागेपर्यंत तिने वापरावा.

हातोड्यासाठी गावाने कधी पैसे मंजूर केले नाहीत. रॉल्फ ज्या दांडक्याने मासे मारत असे तेच मी टेबलावर आपटत असे. ते पुढच्या न्यायाधीशाला. उन्हाळ्यात त्याला वास येतो. त्या दिवसांत निकाल लवकर द्यावेत.

ज्यांना दंड परवडत नसे त्यांना मी गावाचे काम देत असे. मैदानावर पाणी सोडून बर्फ धरवायचा, बंबांना पाणी देणारे रस्त्याकडेचे नळ रंगवायचे. आमचे नळ इतकी वर्षे लालभडक राहिले ते गुन्हेगारीमुळे.

कलम चौथे. तळघरातल्या बिटाच्या लोणच्याच्या बरण्या, माझ्या यादीतल्या गावच्या प्रत्येक घराला एक. डेल्मरचे घर सोडून.

या कलमाने घोटाळा केला. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याचा वाटा जातो. दर शुक्रवारच्या तळलेल्या माशाच्या पंगतीसाठी आज अर्धे गाव इथे केंद्रात जेवायला आहे. बरणी कोण सोडतो, असे मी मोठ्याने विचारले. सगळ्यांनी आपापल्या ताटलीत पाहिले.

राहिले दोघे. एक डॉ. पा हुआ वांग. दात बघतात. गावात नुकत्या आल्या आहेत, त्यामुळे यादीत नव्हत्या. "सही करते," त्या म्हणाल्या, "पण हे लोणचं खाऊन इथले दात कसे टिकले, ते मला कोणीतरी सांगा."

दुसरा डेल्मर, माझा दीर. एका मंगळवारी त्याने आपली गाडी बंबासमोर लावली. भोंगा वाजला. गाडीची किल्ली त्याच्या खिशात होती आणि तो दारूच्या गुत्त्यात. मी त्याला एक हिवाळाभर मैदानावर पडणारा बर्फ लोटायला लावला. पुढच्या निवडणुकीत तो माझ्याविरुद्ध उभा राहिला. "डेल्मरला मत, गाडी कुठेही लावा." त्याच्या बायकोने मला मत दिले. हे तिनेच सांगितले, त्याच्यासमोर.

शिक्षा एका हिवाळ्याची होती. तो अजून बर्फ लोटतो. मुदत संपल्याचे मी कळवले नाही. त्यानेही विचारले नाही.

आधीच्या कागदावर पाचवे कलम होते: गोठलेल्या तळ्यावर ओढून नेऊन आत बसून मासे धरायचे रॉल्फचे हिरवे खोपटे लिलावात विकावे. निवडणुकीपासून ते माझ्या अंगणात कुलपात आहे. डेल्मरने सहीसाठी पेन घेतले आणि आधी ते कलम वाचले.

"लिलाव? त्याची खिडकी मी बसवलीय, जजबाई. रॉल्फने शिडी धरली होती. तीही वाकडी."

"तुला या कागदात काही नाही, डेल्मर."

"मग सही कशाला करू?"

"काही नाही म्हणूनच करायची."

त्यावर पेन ताटलीत.

तो दाराशी बूट चढवत होता. एका बुटाला त्याने फार वेळ लावला. मी नव्या कागदावर लिहिले: खोपटे डेल्मरला. आणि त्याला हाक मारली.

व्हर्ना खांद्यावरून वाचत होती. "अहो, आता त्याने सही केली तर त्याचं खोपटं जाईल. नाही केली तर मैदान जाईल."

डेल्मर एक बूट घालून परत आला. त्याने ओळ वाचली. मग खिडकीतून मैदानाकडे पाहिले. आज सकाळीच त्याने त्यावरचा बर्फ लोटला होता.

"आण पेन," तो म्हणाला. "खोपटं जाऊ दे."

मी ती ओळ खोडली आणि पर्समधून किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली. "हे आत्ता दिलं. मी जिवंत असताना. कागदाचा संबंध नाही."

"म्हणजे मला अजूनही काहीच मिळत नाही?"

"काहीच नाही."

"बीटसुद्धा नाही?"

"डेल्मर, सही कर."

कलम पाचवे. खोडले. ती वस्तू आता माझी नाही.

वरील सर्व मी राजीखुशीने लिहिले, आणि खालील दोघांनी मला सही करताना पाहिले. त्यांपैकी एक बसलेला नव्हता, कारण त्याला घाई होती.

सही: आर्डिस क्वामे
साक्षीदार: डॉ. पा हुआ वांग
साक्षीदार: डेल्मर क्वामे (एका पायात बूट)
स्थळ: अग्निशमन केंद्र, लोअर टॅमरॅक
शुक्रवार, २४ जानेवारी २०२५

सह्यांच्या खाली लिहिलेल्या मजकुराला कायद्यात किंमत नाही. म्हणून हे इथे लिहिते. शनिवारी सकाळी डेल्मरने खोपटे ओढून तळ्यावर नेले आणि मला न्यायला आला. आत दोन खुर्च्या होत्या. रॉल्फच्या खुर्चीवर त्याने मला बसवले. त्याच्या गळाला दोन पर्च मासे लागले, माझ्या एकही नाही. त्यातला मोठा त्याने माझ्या बादलीत टाकला आणि म्हणाला, "हा जिवंतपणी दिलेला आहे. कागदात घालू नकोस."