छोटीची नवी गोळी

दादा,

छोटी आत्ताच झोपलीय, तिला उठवू नकोस. डॉक्टरांनी तिच्या थरथरीवर चक्क शिंका-खाजेची गोळी सुरू केलीय. मला वाटलं, रोग रेड्याला, औषध पखालीला. पेशींत चरबी साठण्याचा तिचा मूळ आजार त्याने जाणार नाही, हे त्यांनीही सांगितलंय. पण आज तिने भरला कप न सांडता ओठांना लावला आणि "ताई, बघ ना!" म्हणत घर डोक्यावर घेतलं. गोळीने गुंगी येते, म्हणून उठली की हात धरूनच न्हाणीत ने.

आईने विचारलं तर मी कामावर गेलेय म्हण. खरं तर रक्त तपासायला चाललेय. हा आजार रक्ताच्या नात्यात उतरतो, आणि हल्ली माझ्याकडूनही बटणं लागत नाहीत रे. दमलेय फार. तू मागोमाग येऊ नकोस, तिच्यापाशीच थांब.

— मधली