दावं कापायची सुरी

४ जून
आज माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. शाळेच्या व्हरांड्यात, सगळ्या गावासमोर!

पूर आला तर काय करायचं ते शिकवायला तहसीलकडून एक साहेब आले होते. बोलता बोलता म्हणाले, "मागच्या सप्टेंबरात तुमच्याच अंगणवाडीच्या बाई जीव धोक्यात घालून जावेच्या म्हशी सोडवायला गेल्या. ओली गाठ सुटली नाही. हातात साधी सुरी असती तर दोन्ही जनावरं वाचली असती. बाई, उभ्या राहा." मी उभी राहिले. पदर सारखा केला. वर हसलेसुद्धा! रूपाली शेजारीच बसली होती. तिनंही टाळ्या वाजवल्या. म्हशी तिच्याच होत्या.

मग प्रत्येक घरात भरून ठेवायच्या पिशवीची यादी झाली — बॅटरी, शिट्टी, दोरी, औषधं, प्लास्टिकमध्ये कागदपत्रं, बिस्किटं आणि सुरी. मिटणारा चाकू नको म्हणाले. ओल्या हातानं उघडत नाही, आणि उघडला तर बोटावर मिटतो. अखंड सुरी हवी, म्यानातली. घरी येताना रूपाली म्हणाली, "बाई, पिशवीत बाकी काही नसलं तरी चालंल. सुरी पायजेच." आमची एक, तिची एक आणि शेतात राहणाऱ्या धाकट्या दिरांची, हरिओमभावजींची एक, अशा तीन पिशव्या. सुऱ्या मी निवडायच्या असं ठरलं. अनुभवी ना मी!

५ जून
इथे तरी खरं लिहिते. मी गोठ्यात गेलेच नव्हते.

रूपाली माझी चुलत जाऊ, भिंतीला भिंत लागून घर. त्या दिवशी ती लेकीला घेऊन माहेरी गेली होती. जाताना म्हणाली होती, "बाई, म्हशींकडं बघा." सकाळी नऊच्या सुमाराला पाणी गल्लीत शिरलं. हे जालन्याला कामावर. मी लेकीला, आकांक्षाला, माळावरच्या शाळेत पोचवलं आणि परत आले. पाणी गुडघ्याला होतं. गोठा आमच्या मागच्या दारापासून वीस पावलांवर. थोरली म्हैस ओरडत होती. मी ऐकलं. नीट ऐकलं. आणि घरात शिरून मिक्सर उचलला.

मिक्सर! तीन भांड्यांचा, नवा. डोक्यावर घेऊन माळ चढले. मनात म्हणत होते की हा ठेवते आणि लगेच येते. परत उतरले तेव्हा पाणी कमरेच्या वर गेलं होतं. ओरडणं थांबलं होतं.

दुसऱ्या दिवशी रूपाली चिखलातून आली. तिनं एवढंच विचारलं, "दावं सुटलं न्हाई का बाई?" आणि माझं तोंड आपोआप चाललं. लई ओढलं गं, गाठ ओली झाली होती, हातात सुरी असती तर... एकही शब्द अडखळला नाही. पंचनाम्यातही तेच लिहिलं गेलं.

नवरा जाऊन चार वर्षं झाली तिचा. दोन म्हशींच्या दुधावर घर चालत होतं. आता लोकांच्या शेतात खुरपायला जाते.

८ जून
आकांक्षानं मोबाईलवर सुऱ्या दाखवल्या. एकीच्या मुठीत होकायंत्र. एकीला एका बाजूनं करवतीसारखे दात, फोटोत मागे जंगल आणि बर्फ. मी म्हटलं, आपल्याकडे बर्फ कुठला? ती म्हणाली, "मम्मी, दात दोरीसाठी असतात." खाली कुणीतरी लिहिलं होतं की बटाटासुद्धा कापत नाही, मूठ दुसऱ्याच दिवशी निघाली. म्हणजे पातं मुठीच्या आत बोटभरच असणार. आता कळतंय मला यातलं! पातं मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं हवं, लांबी वीतभर पुरे, मूठ ओल्या हातातून निसटायला नको.

ह्यांनी जालन्याहून स्टीलची एक आणली. दिसायला देखणी. दोरीवर नुसती घसरते.

"किती मन लावून बघतेस गं," म्हणाले हे. "पार डोक्यात घेतलंस."

१३ जून
भोकरदनच्या रस्त्याला घिसाड्यांचं बिऱ्हाड उतरलंय. रूपाली आणि मी गेलो. नवरा भात्यापाशी, बायको घण मारत होती. बेबीनंदा तिचं नाव. दंड असे, की आपण चार जणी मिळून तेवढा घण उचलणार नाही. ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्याची सुरी करून देते म्हणाली. गंज चढेल, तेल लावत जा, पण धार जाणार न्हाई.

"कशाला पायजे? मटणाला का भाजीला?"

"दावं कापायला," मी म्हटलं.

तिनं घण खाली टेकवला आणि हसली. "दावं? दावं सोडत्यात बाई. कापतंय कोण?"

माझ्या कानशिलांची आग झाली. रूपालीकडे बघायची हिंमत होईना. शेवटी बघितलं तर ती मान खाली घालून उभी. रिक्षात दोघी दोन बाजूंना बघत बसलो.

कळलंय तिला. नक्की कळलंय.

१४ जून
दिवसभर तिच्याकडे गेले नाही. चटणी पाट्यावर वाटली.

२० जून
सुऱ्या आल्या. काळ्या, जाड पाठीच्या, बाभळीच्या मुठी. म्यानं मी ट्रॅक्टरच्या ट्यूबची शिवली, दाभणानं. बोटं सोलली. बरं वाटलं सोलल्याचं.

हरिओमभावजी म्हणाले, घेतल्याच आहेत तर पारखून बघा. नायलॉनची दोरी बादलीत भिजवली. एक टोक खुंटीला, दुसरं रूपालीनं ताणून धरलं. आकांक्षा मोबाईलवर सेकंद मोजत होती. स्टीलची सुरी — एक्केचाळीस सेकंद, तरी दोन पदर शिल्लक. घिसाडणीची — सहा!

"सहा सेकंद," रूपाली म्हणाली. हातात तुटलेलं टोक. "नुसते सहा सेकंद लागले असते बाई."

भावजींनी पाठ थोपटल्यासारखं म्हटलं, "वहिनी, सुरी एकदम बराबर निवडली तुम्ही." मी आत गेले आणि मोरीत तोंड धुतलं. दोनदा धुतलं. आरशात बघवेना.

२१ जून
रूपाली आली. दुपारी, हे आणि आकांक्षा घरात नसताना. मी भांडी घासत होते. राख तशीच हाताला. वाटलं, आली वेळ. आता विचारणार.

ती उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, "बाई, तुम्हाला एक सांगायचंय. कव्हापासून सांगीन सांगीन करून राह्यले. ती घिसाडीन बोलली ना, तव्हापासून झोप न्हाई."

"म्या नेहमी निसरगाठ मारते. एक टोक वढलं की खल्लास, लेकरूबी सोडतंय. पण थोरली शहाणी झाल्ती, दातानं टोक वढून सुटायची, लोकाच्या सोयाबीनमंदी जायची. म्हणून माहेरी जाताना म्या दोघींलाबी गाठीवर गाठ मारून गेल्ते. गच्च. तुम्हाला सांगायची याद राह्यली न्हाई. तुम्ही बिचाऱ्या पाण्यात उभ्या राहून वढत बसल्या. तुमचा जीव गेला असता म्हंजी? म्याच मारल्या बाई. माझ्या हातानं."

आणि रडली. नऊ महिने ही बाई हे घेऊन फिरतेय! मला वाटत होतं ती मला ओळखून आहे. ती स्वतःलाच खात होती.

तिचा भाऊ सोमेश्वर तिला एक गाभण म्हैस द्यायला तयार आहे. दोनदा निरोप आला. ही नाही म्हणाली. "माझ्या हाताला जनावर लाभत न्हाई. पुन्हा दावं हातात धरणार न्हाई म्या." पुढच्या महिन्यात लेकीला घेऊन जालन्याला निघालीय, बियाणांच्या कारखान्यात पाकिटं भरायला. खोली बघून ठेवलीय. घराला कुलूप लावणार.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. राखेचाच हात. "असू दे गं, तुझा काय दोष," एवढंच म्हणाले. आणि तिनं माझे पाय धरले. माझे पाय!

२२ जून
थू माझ्या जिनगानीवर.

२५ जून
सांगितलं नाही. काल गेले होते सांगायला. बरोबर तिची पिशवी भरून नेली. तिन्हींतली सगळ्यात चांगली सुरी तिच्या पिशवीत घातली, मूठ गुळगुळीत घासून, तेल लावून. बॅटरीचे सेल जास्तीचे. बिस्किटाचे दोन पुडे जास्तीचे. म्हणजे लाच! दहा मिनिटं पिशवीतल्या एकेका वस्तूबद्दल बोलले आणि चहा पिऊन परत आले.

कारणं तयार आहेत माझ्याकडे. आता सांगून म्हशी थोड्याच परत येणार? ह्यांना तोंड कसं दाखवू? आकांक्षाला? अंगणवाडीत आया लेकरं कुणाच्या भरवशावर सोडतील? सगळी कारणं माझ्याच सोयीची. त्यात रूपाली कुठेच नाही. तेव्हाही नव्हती.

२९ जून
सांगितलं.

ती खोलीसाठी भांडी बांधत होती. मी दारातच म्हटलं, "रूपाली, मी गोठ्यात गेले नव्हते. गाठीला हात लावला नाही. खोटं बोलले."

तिला समजलंच नाही. "म्हंजी? पाणी लई होतं म्हणून का?"

"गुडघ्याला होतं. मी मिक्सर नेला."

ती पातेलं हातात घेऊन तशीच बसली. मग विचारलं, "म्हंजी गाठ सुटली असती का न्हाई, ते तुम्हाला ठावंच न्हाई?"

"नाही."

"वढून बघितलंच न्हाई कुणी."

"नाही."

तिनं पातेलं खाली ठेवलं. तोंडावर पदर घेतला आणि इतकी रडली, इतकी रडली, की मला वाटलं हिला काही होतंय. पुढे झाले तर हातानं थांबवलं. जरा वेळानं पदर काढला. चेहरा बघितला तिचा — ओझं उतरल्यावर दिसतो तसा. मग तो हळूहळू बदलला. मी समोर उभी राहून तो बदलताना बघितला.

"घरी जा बाई," म्हणाली.

ह्यांनाही सांगितलं, जेवताना. आकांक्षा समोर होती. हे ताटावरून उठले नाहीत, पण पुढे घासही घेतला नाही. आकांक्षा सारखी माझ्याकडे बघत होती. नऊ महिन्यांपूर्वी माळावर ती मला म्हणाली होती, "मम्मी, तू लई धाडसी आहेस."

९ जुलै
परवा सोमेश्वरच्या टेम्पोतून रूपालीच्या दारात म्हैस उतरली. जालना रद्द झालं. भांडी पुन्हा फळीवर लागली, आवाज भिंतीतून ऐकले.

आज तिला लेकीच्या दाखल्यासाठी भोकरदनला जायचं होतं. म्हशीकडे बघायला कुणाला तरी सांगणं भाग होतं. मी दारातच तांदूळ निवडत बसले होते. ती माझ्यासमोरून, माझ्याकडे न बघता, गल्लीच्या पार टोकाला गेली आणि गिरिजाबाईंना सांगून आली. गिरिजाबाई ऐंशीच्या आहेत. एका डोळ्यानं दिसत नाही त्यांना.