सुराचं शेपूट

४ नोव्हेंबर, सोमवार

बूट काढा, घड्याळ काढा, बटणांचा शर्टही चालणार नाही, असं म्हणत मास्तरनं मला दारातच निम्मा उघडा केला, तेव्हा माझी बॅग अजून टॅक्सीतच होती. टॅक्सीवाला वळून बघत राहिला. त्याला वाटलं असेल, झडती चाललीय. मग मास्तरला हसू फुटलं, मलाही फुटलं, आणि आम्ही दोघांनी बॅग, ट्रम्पेटची पेटी आणि बायकोनं बळंच दिलेली उशी आत आणली. मास्तर माझ्याहून लहान आहे, पण ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात त्याला सगळे मास्तरच म्हणतात.

काम सोपं आहे. ट्रम्पेटचा प्रत्येक सूर सुटा वाजवायचा. आधी हलका, मग मध्यम, मग भरल्या छातीनं. मास्तर तो टिपणार. त्याची थोरली बहीण, ताई, वरच्या खोलीत संगणकावर तो कापून लावणार. मग कुणीही कुठेही कीबोर्डची पट्टी दाबली की माझा सूर वाजणार.

हे काम मेहुण्यानं मिळवून दिलं. तो वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवतो. निघताना म्हणाला, दाजी, इतकी वर्षं बहिणीनं तुम्हाला बोटावर नाचवलं, आता मी नाचवतो. बायको म्हणाली, त्यांना नाचता आलं असतं तर आणखी काय हवं होतं. आमची लेक भिंगरी सहा वर्षांची आहे. तिचा पुढचा दात हलतोय. मी परत आल्यावरच तो पाडायचा, असा तिनं हुकूम काढलाय.

खोली स्वच्छ आहे. खिडकीतून रस्ता दिसतो. झोप छान लागेल.

५ नोव्हेंबर, मंगळवार

खालच्या खोलीच्या भिंतींना वीतभर जाड लोकर लावलीय. दार लागलं की कानांवर कुणी तळवे ठेवल्यासारखं होतं. आवंढा गिळला तर तो आपल्याला ऐकू येतो. पोट गुरगुरू नये म्हणून अर्धपोटी बसायचं. बाहेरचं काही आत येत नाही, आतलं बाहेर जात नाही.

मास्तर एरवी अहो-जाहो करतो. काचेपलीकडून मात्र दोनच शब्द बोलतो, तेही एकेरी. धर. सोड. लांब शब्दांत वेळ जातो म्हणे.

दुपारी मी एका सुराला शेवटी थोडी थरथर दिली. मास्तरनं थांबवलं. भाव नको, म्हणाला, भाव घेणारा घालील, तुम्ही नुसता माल द्या. मी म्हटलं, चला, भाव न खाणारं एक तरी ठिकाण सापडलं. तो इतका हसला की ती फेरी वाया गेली.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

सुराला शेपूट असतं, हे इथे येऊन कळलं. आपण फुंक थांबवतो, तरी सूर लगेच मरत नाही. ओठ सुटतात, नळीतली हवा बसते, खोली तिचा शेवटचा कण पिऊन टाकते. हे सगळं वेगळं टिपून घ्यावं लागतं. या लोकांच्या भाषेत त्याला रिलीज म्हणतात. ताई शेपूट म्हणते. शेपटामुळे कानाला कळतं, म्हणते, की माणसानं श्वास सोडला आणि तो बरा आहे.

पण समोरची इमारत पाडायला घेतलीय. हातोड्यानं जमीन हादरते. मोठ्या सुराखाली ते झाकतं, बारीक शेपटात उघडं पडतं. म्हणून मास्तरनं ठरवलं, आधी नुसती धडं घेऊ, शेपटं नंतर बघू. मी हो म्हटलं. मलाही लवकर आटपायचं होतं.

आता तो सोड म्हणत नाही. धर म्हणतो आणि पुरेसं झालं की दिवा घालवतो.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

धडं संपली. ताईनं वर बोलावून काम दाखवलं. सुराचा मधला तुकडा घेते आणि त्याचा शेवट त्याच्याच सुरुवातीला बेमालूम शिवते. याला ती फेरा म्हणते. एकदा सूर फेऱ्यात गेला की संपत नाही. विचारलं, मग किती वेळ वाजेल. म्हणाली, बोट उचलेपर्यंत.

तिनं मधल्या सावर बोट ठेवलं. माझाच सूर. शिवण कुठेही लागत नव्हती. माझ्या हातात चहा होता, कप ओठाशी. तो तिथेच राहिला. ताईनं बोट उचललं आणि म्हणाली, स्वतःच्याच प्रेमात पडलात की हो, चहा निवला.

तेव्हा लक्षात आलं, तेवढा वेळ मी श्वास घेतला नव्हता. सोडलाही नव्हता.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी दाढी करताना छाती आपोआप भरली आणि तशीच राहिली. दम लागला असं म्हणता येणार नाही. दम लागला की माणूस धडपडतो. हे ओठांशी वाद्य नसताना वाजवल्यासारखं होतं. वस्तरा गालावर थांबला. मग एकदम तुटलं. हवा बाहेर गेली नाही, आतच कापली गेली. घसा मिटला. बेसिनला धरून उभा राहिलो. वरून ताईच्या कीबोर्डचा आवाज येत होता.

डॉक्टरकडे जाऊन आलो. त्यांनी सगळीकडे नळी लावली. म्हणाले, बैलाची फुप्फुसं आहेत तुमची, थोडे दिवस हवापालट करा. म्हटलं, हवापालटच तर होत नाहीये. त्यांना तो विनोद वाटला.

१६ नोव्हेंबर, शनिवार

जिन्यात बसून पाहिलं. ताई पट्टी दाबते, माझी छाती भरते. उचलते, तुटते. खालचे सूर पोटात बसतात, वरचे कपाळात. त्या वेळात पाय हलत नाहीत, आवाज निघत नाही. फक्त बोटं हलतात, वाद्याच्या कळांवर हलतात तशी. बाकी खांब.

दोघांना सांगितलं. मास्तर म्हणाला, कामाचा शीण आहे. ताई म्हणाली, बघू या, आणि माझ्यासमोर मधला सा दाबून धरला. मी खुर्चीतून पडलो. ती घाबरली, पाणी आणलं, कपाळ पुसलं. मग रागावली. म्हणाली, लहान पोर हट्टानं श्वास कोंडतं तसं केलंत तुम्ही, या वयात शोभतं का?

आता ती कानाला हेडफोन लावून काम करते. मला ऐकू जाऊन त्रास होऊ नये म्हणून. काही फरक पडत नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

कळलं. माझ्याकडून फक्त धरणं घेतलंय. सोडणं घेतलंच नाही. म्हणून श्वासाला बाहेरची वाट नाही. शेपटं टिपली तर दर वेळी शेवटी हवा आपली आपण बाहेर पडेल. कुणी कितीही वाजवो.

मास्तरला विनवलं. तो म्हणाला, शेपटं रद्द. समोरची तोडफोड थांबायची नाही आणि ताई खोटा घुमारा घालणार आहे, कुणाला कळणार नाही. शुक्रवारी रिलीज.

मी म्हटलं, आधी माझं करा.

त्याला वाटलं, मी बाजाराबद्दलच बोलतोय. पाठ थोपटली. म्हणाला, तुमचंच तर आहे.

शुक्रवारी हे किती घरांत जाईल, विचारलं नाही. इथे एक बाई, एक कीबोर्ड, तरी ही गत.

२० नोव्हेंबर, बुधवार

निघालो. दार कुणी लावलेलं नव्हतं. बॅग घेतली, वाद्य घेतलं. बसस्थानक गावाच्या दुसऱ्या टोकाला. लांब गेलो की सुटेन असं वाटलं.

बसच्या पायरीवर पाय ठेवला. दांडी धरली. भरली छाती.

कंडक्टर ओरडला, काका, चढायचंय की उतरायचंय, एक काय ते ठरवा. मागची बाई म्हणाली, फोटो काढून घेताहेत बहुतेक. लोक हसले. मी दांडीला तसाच. मग ताईनं बोट उचललं असणार. रस्त्यावर पडलो. बस गेली.

टॅक्सीवाल्यानं परत आणून सोडलं. त्यानं तोच शब्द वापरला. कुठे सोडू, साहेब?

अंतराचा संबंध नाही. घरी गेलो तरी हेच. बायकोसमोर. भिंगरीसमोर.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

गुडघे फुटलेले पाहून मास्तर विरघळला. तोडफोडीच्या यंत्राला तेल नव्हतं, दुपारी शांत झालं. चला, म्हणाला, तुमच्या मनासारखं करू.

खालच्या सुरापासून सुरू केलं. धर. सोड. तो शब्द ऐकून डोळ्यांत पाणी आलं. पहिली सहा शेपटं झाल्यावर ताईला वर जाऊन ते सूर दाबायला सांगितलं. तिनं दाबले, उचलले. हवा बाहेर गेली. हळू, गरम, आपली आपण. जिन्यात बसून रडलो. ताईनं विचारलं, आता बरं वाटतंय ना. पोराला विचारावं तसं.

पुन्हा खाली. क्रमानं. आयुष्यभर खालून वर जात आलो, हात तसाच गेला. मधल्या साच्या अलीकडे ओठ फाटला. नुसती हवा. पुन्हा. हवा. पुन्हा. रक्त. मास्तरनं वाद्य काढून घेतलं. उद्या सकाळी पहिलं तेच, म्हणाला.

मधला सा आधी घ्यायला हवा होता. नवं वाद्य हाती आलं की माणूस आधी काय दाबतो — मी काय दाबतो —

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळ. सूज उतरली. ओठ लागतोय. मास्तर खालच्या बहिऱ्या खोलीत माइक लावतोय. ताई पार्सलं टाकायला गेली. मी दिवाणखान्यात, वही घेऊन. पाच मिनिटांत आत जायचं. एकच सूर. मग —

फोन. बायको. आवाज खुशीत. मास्तरनं मला न सांगता पहिली डिस्क घरी पाठवली होती. लेकीला भेट. मेहुण्यानं आत्ताच लावली. भिंगरी कीबोर्डवर बसलीय. थांब म्हणायला तोंड उघडलं

भरली

मधला

मेहुणा मागून ओरडतोय, दाजी, कसं वाटतंय? रिसीव्हरवर बोटांनी टकटक केलं. बायको हसली. म्हणाली, ताल देताय वाटतं.

मास्तरला ऐकू जाणार नाही. दार लागलंय. पाय

बोटं चालतात. लिहितो. कोण वाच

कडा काळ्या

बायको म्हणते, बोला ना हो. भिंगरी हटून बसलीय. तुम्ही शाब्बास म्हटल्याशिवाय बोट उचलणार नाही म्हणते. एकदाच म्हणा. अहो

शा