खोट्या शपथेनंतर

आई, तू गेलीस त्या वयाच्या मी आता पुष्कळ पुढे आले आहे. तरी अजून तू स्वप्नात आलीस की मी आधी तुझे डोळे बघते. जड आहेत का, लाल आहेत का. मग बोलायला सुरुवात करते.

धाकटा भाऊ बारशाआधीच गेला आणि तू अंथरूण धरलंस, तेव्हा डॉक्टरांनीच तुला ब्रँडी सांगितली होती. चमचाभर, अंगात ऊब यावी म्हणून. बाळंतिणीला ती तेव्हा देतच. बाटली संपली, तू उठून चुलीपाशी बसू लागलीस, सुईण मात्र येतच राहिली. मला शंका आली ती तिथे. घरात कोणी बाळंतीण नाही, कोणाला दिवस गेलेले नाहीत, मग ही तेल लावायला कोणाला येते? ती आली की तू स्वयंपाकघराचं दार लोटून घेतेस. मी दाराला कान लावते, पण ओसरीवर अण्णांचा हातोडा तांब्याच्या पत्र्यावर चाललेला, शेजारच्या घरांतूनही तोच ठणठणाट, आतलं काही ऐकू येत नाही. ती गेली की तुझ्या तोंडात लवंग. दाढ दुखत नसताना कोणी दिवसभर लवंग चघळत नाही, एवढं कळण्याइतकी मी मोठी होते.

अण्णांना कळत होतं का, हे मला आजवर उमगलेलं नाही. तू भाजी दोनदा खारट केलीस, दुपारी उंबऱ्यावरच झोपलीस, तरी ते म्हणायचे, "तिला बरं नाही, तिला त्रास देऊ नका." त्या वर्षांत गावात दारूच्या गुत्त्यांसमोर बायका निदर्शनं करायच्या. आत्याही त्यांत होती. खादीचं लुगडं नेसून ती सकाळी जायची आणि उन्हातून परत आली की आपल्याच स्वयंपाकघरात पाणी प्यायची. तू तिला गूळ-पाणी द्यायचीस, पदर तोंडापुढे धरून. मी दोघींच्या मध्ये बसायचे, मुद्दाम.

मग चैत्रातलं हळदीकुंकू. आत्याच्या सोबतच्या बायका आलेल्या. तू पन्हं देत फिरते आहेस, जरा जास्तच हसते आहेस. एकीच्या कडेवर मूल होतं. त्याच्यापुढे तू थांबलीस आणि मोठ्यानं विचारलंस, "तुमचं जगलं. माझं का नाही जगलं हो?" ताट हातातून सुटलं. पन्हं सगळ्यांच्या पायांशी. आत्या उठली, तुझ्या अगदी जवळ आली आणि त्या सगळ्यांसमोर म्हणाली, "वहिनी, तोंड उघड."

बायका गेल्यावर अण्णांनी विचारलं, "कधीपासून?" तू म्हणालीस, "मी घेतच नाही." ते उठले ते थेट सुईणीकडे गेले. दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन आली, पण उंबऱ्याच्या आत आली नाही. "म्या दिली मोहाची," ती म्हणाली. "पोर गेल्यापासून डोळ्याला डोळा नव्हता तिच्या. लय वाईट वाटलं म्हणून दिली. आता नाय देणार." अण्णांनी मान हलवली. माझा काही तिच्यावर विश्वास बसला नाही.

पुढचे दिवस वाईट होते. तुझे हात इतके कापायचे की पेला मी धरायचे. भिंतीवर मुंग्या चढतायत म्हणून तू त्या पदरानं झटकायचीस. एकही मुंगी नव्हती. हळूहळू कापरं थांबलं, तू जेवू लागलीस, अण्णा हसले. मी हसले नाही. तू अंघोळीला गेलीस की मी फडताळं उघडून बघायचे. शेवटी तांदळाच्या डब्यात हात कोपरापर्यंत घातला आणि बाटली लागली. मी ती तुझ्यासमोर ठेवली. तू क्षणभरही थांबली नाहीस. माझ्या डोक्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "जुनी असेल. मी शिवलेसुद्धा नाही. तुझी शप्पथ."

बाटली अर्धी होती, आई, आणि बूच ओलं होतं.

मी कोणाला सांगितलं नाही. खोटी शपथ घेतली की ज्याची घेतली ते माणूस मरतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी मरायची वाट बघू लागले. मैत्रिणीला माझे सागरगोटे देऊन टाकले. आणि पावसाळ्यात मला हिवताप आला. तू कपाळावर पाण्याची घडी ठेवत होतीस, तेव्हा मी विचारलं, "आई, मी आता मरणार ना? शपथ खोटी होती ना?"

तुझा हात तिथेच राहिला. मग तू उठलीस. माझ्या अंथरुणावरून ओसरी दिसत होती. तू बाटली उघड्या हातात धरून, पदराआड न लपवता, अण्णांसमोर जाऊन उभी राहिलीस. अण्णांचा हातोडा थांबला. रस्त्यावरची दोन माणसंही थांबली. "अहो, मी पोरीची खोटी शप्पथ घेतली," तू म्हणालीस आणि सगळी बाटली गटारात ओतलीस. "आता माझ्या हातांना काहीतरी काम द्या. दुपार मला खायला उठते."

अण्णांनी तयार हंडे तुझ्यापुढे सरकवले. तेव्हापासून दुपारी तू चिंच लावून भांडी घासायला बसायचीस. बोटांची टोकं फुटायची, चिंचेनं झोंबायची. कधी मध्येच उठून परसात जायचीस, भिंतीला डोकं टेकून उभी राहायचीस आणि परत येऊन बसायचीस. मी मोजीत असायचे, किती वेळ लागतोय. मला वाटायचं, परसात काहीतरी पुरलेलं आहे. एकदा मी तिथली माती उकरूनही पाहिली.

काही सापडलं नाही. पुढेही कधी सापडलं नाही. पण माझा स्वभाव तोच राहिला. लग्न होऊन मी सिन्नरला गेले, तू राहायला यायचीस, आणि तू न्हाणीघरात गेलीस की मी तुझं गाठोडं चाचपायचे. तुला माहीत होतं. एकदा मी खोलीत गेले तर गाठोडं आधीच सोडून ठेवलेलं. बाहेरून तुझा आवाज आला, "गाठ सोडून ठेवलीय गं. नीट बघून घे." आवाजात राग नव्हता. मी तरीही बघितलं. दोन लुगडी, फणी आणि नातवासाठी राजगिऱ्याचे लाडू.

तू गेलीस ती तापानं, शुद्धीत. त्या दुपारनंतर तू एक थेंबही घेतला नाहीस, असं अण्णा शेवटपर्यंत सांगत. आत्यासुद्धा सांगे. मी नुसती मान हलवायचे.

या थंडीत माझी छाती भरली. डॉक्टर, अगदी पोरगेलासा, म्हणाला, "आजी, कोमट पाण्यातून थोडी ब्रँडी घ्या." मुलानं आणून दिली. मी ती परत पाठवली. मुलाला सांगितलं, आपल्या घरात चालत नाही. हा कागद मी कुठे धाडणार, म्हणून तुला खरं सांगते: घरात चालत नाही म्हणून नव्हे. मला ती आवडेल, अशी भीती वाटली.